वाऱ्यावर वसलेली गावं

११ जून १९८५ रोजी शुक्राच्या अंधाऱ्या बाजूवर, जमिनीपासून सुमारे ५४ किलोमीटर उंचीवर एक फुगा फुलला. व्यास साडेतीन मीटर, आत हेलियम, आणि खाली तेरा मीटर लांबीच्या दोरीला टांगलेली उपकरणांची टोपली. सोव्हिएत संघाच्या 'वेगा-१' यानाने तो सोडला होता. चार दिवसांनी 'वेगा-२'ने दुसरा सोडला. बॅटऱ्या संपेपर्यंत, म्हणजे साधारण ४६ तास, हे फुगे संदेश पाठवत राहिले आणि तेवढ्या वेळात प्रत्येकाने अकरा हजार किलोमीटरांहून जास्त अंतर कापलं. मध्यरात्रीच्या बाजूला सुरू झालेला त्यांचा प्रवास पहाट ओलांडून उजेडात गेला. परग्रहाच्या हवेत माणसाने तरंगत ठेवलेल्या त्या पहिल्या वस्तू.

त्या टोपलीत वारा मोजणारा एक लहानसा पंखा होता. तो फक्त वर-खाली वाहणारा वारा मोजत असे. आडवा वारा मोजायचं साधन टोपलीत नव्हतं, आणि असतं तरी त्याला मोजायला फारसं काही मिळालं नसतं. फुगा वाऱ्याबरोबर, वाऱ्याच्याच वेगाने चालला होता, त्यामुळे त्याच्याभोवतीची हवा त्याच्यापुरती जवळपास स्तब्ध होती. त्याचा आडवा वेग मोजला तो पृथ्वीवरून, जगभरच्या वीसेक रेडिओ दुर्बिणींनी. तो भरला ताशी सुमारे २४० किलोमीटर. आपलं हवामान खातं ताशी २२२ किलोमीटरच्या पुढच्या वादळाला सुपर सायक्लोन म्हणतं. त्याहून वेगाच्या वाऱ्यात ती टोपली दोन दिवस होती, आणि त्या वाऱ्याची झुळूकही तिला लागली नाही.

तरंगत्या वस्त्यांची जी कल्पित जगं लेखकांनी आणि चित्रकारांनी उभी केली, ती वाचताना-पाहताना मला दर वेळी ही टोपली आठवते. आकाशातल्या नगराचं चित्र काढणारे बहुतेक जण त्याच्या बुरुजांवर फडकते झेंडे काढतात. नगर जर मोकळं वाहत असेल, तर झेंडा लोंबकळत राहील. गरम हवेच्या फुग्यातून फिरून आलेल्या कुणालाही विचारा, वर अजिबात वारा लागत नाही हेच तो आधी सांगेल. झेंडा फडकत असेल तर त्याचा अर्थ एवढाच, की ते नगर कुठेतरी बांधलेलं आहे किंवा स्वतःच्या बळावर वाऱ्याविरुद्ध रेटत चाललं आहे. दोन्हींची किंमत मोजावी लागते, आणि ती कोण मोजतं यावर त्या नगराचं सगळं राजकारण उभं राहतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की तरंगत्या वस्तीच्या कथेत वारा हाच भूगोल असतो. डोंगर, नद्या, सरहद्दी, शेजार, हमरस्ते ही सगळी कामं तिथे वाऱ्याच्या थरांना करावी लागतात. ज्याने वारा आधी ठरवला नाही, त्याने जग उभं केलेलं नाही, नुसती इमारत हवेत टांगली आहे.

या बाबतीत सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत धारदार नमुना जोनाथन स्विफ्टचा. 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स' १७२६ साली आलं. त्याच्या तिसऱ्या भागात लापुटा हे उडतं बेट आहे. त्याचा व्यास ७,८३७ यार्ड, म्हणजे सात किलोमीटरांहून थोडा जास्त. जाडी तीनशे यार्ड. मध्यभागी एका गुहेत सहा यार्ड लांबीचा लोहचुंबक, तो कलता करून बेट वर-खाली आणि आडवं न्यायचं. हा चुंबक चालतो फक्त खालच्या बाल्निबार्बी राज्याच्या हद्दीत, आणि वर जाण्याची मर्यादा चार मैल. बेटावरचं पावसाचं पाणी उतारावरून मध्याकडे वाहत येतं आणि चार मोठ्या तलावांत साठतं, असा पाण्याचा हिशोबही स्विफ्टने मांडून ठेवला आहे. राजाला वाटलं तर तो बेट ढगांच्या वर नेऊन पाऊस टाळू शकतो. खालच्या एखाद्या शहराने बंड केलं तर बेट त्याच्या डोक्यावर आणून उभं करायचं, म्हणजे त्या शहराचं ऊनही जातं आणि पाऊसही जातो. तेवढ्याने भागलं नाही तर वरून दगड टाकायचे.

इतका काटेकोर लेखक, पण वाऱ्याचं काय हे त्याने जवळजवळ सोडूनच दिलं. बेट पुढे सरकत असताना आपल्याला गती जाणवली नाही, असं गलिव्हर सांगतो. फुग्यात बसलेल्या माणसाचा अनुभव हाच असतो. पण लापुटा चुंबकाच्या जोरावर जातं, वाऱ्याबरोबर वाहत नाही, आणि अशा बेटावर प्रवासभर वारा तोंडावर आला पाहिजे. तरीही मी याला स्विफ्टची चूक म्हणणार नाही. त्याला दाखवायची होती ती जमिनीवरची सत्ता, आणि त्यासाठी बेट जमिनीला बांधलेलंच हवं होतं. लापुटा सुटं वाहू लागलं तर त्याचा राजा आठवड्याभरात प्रजेविना उरेल. माणिकमोत्यांच्या सिंहासनापेक्षा तो सहा यार्डांचा दगड महत्त्वाचा आहे, हे स्विफ्टला पक्कं ठाऊक होतं.

त्याच नावाचं नगर हायाओ मियाझाकीने १९८६ च्या आपल्या चित्रपटात घेतलं आणि स्विफ्टने सोडलेली जागा भरून काढली. त्याचं लापुटा एका प्रचंड वादळी ढगाच्या पोटात दडलेलं आहे. त्या ढगात शिरताना एका टप्प्यावर वारा उलट दिशेने वाहू लागतो, आणि तीच त्या नगराची वेस. दगडी तटबंदीचं काम तिथे वारा करतो. नगर कुणाला का सापडलं नाही, त्याच्यावर स्वारी का झाली नाही, तिथे झाडं आणि पक्षी निवांत का राहिले, या सगळ्यांचं उत्तर त्या एका वाऱ्यात आहे.

बांधून ठेवण्याचा मार्ग माणसाने प्रत्यक्षातही करून पाहिला आहे. पाण्यावर तो जमतो. पेरू आणि बोलिव्हियाच्या सीमेवरच्या टिटिकाका सरोवरात उरो लोक लव्हाळ्यांच्या थरांची बेटं करून राहतात. ती बेटं दोऱ्यांनी तळातल्या खुंटांना बांधलेली असतात, नाहीतर वारा त्यांना सरोवरभर फिरवील. हवेत मात्र दोर लांबला की ताण वाढतो आणि वरच्या वाऱ्याचा सगळा भार त्या एका दोरावर येतो. २८ ऑक्टोबर २०१५ रोजी अमेरिकेत मेरीलँडमध्ये लष्कराचा टेहळणीचा भला मोठा फुगा असाच दोर तुटून सुटला. दोन किलोमीटर लांबीची तुटकी तार मागे ओढत तो पेनसिल्व्हेनियापर्यंत गेला, आणि त्या तारेने वाटेतल्या विजेच्या तारा तोडून हजारो घरं अंधारात घातली. वास्तुरचनाकार बकमिन्स्टर फुलर आणि शोजी सादाओ यांनी १९६० च्या दशकात प्रचंड तरंगत्या गोलांची कल्पना मांडली होती. आतली हवा बाहेरच्यापेक्षा किंचित गरम राहिली की हजारो माणसांसकट गोल तरंगेल, असा त्यांचा हिशोब. असे गोल डोंगरांना बांधता येतील किंवा मोकळे सोडता येतील, असं फुलरचं म्हणणं होतं. मला वाटतं, हे दोन पर्याय म्हणजे दोन वेगळ्या संस्कृती आहेत. बांधलेल्या गावाला वादळाची भीती असते. सोडलेल्या गावाला ती नसते, पण त्याला आपण उद्या कुठे असू हे सांगता येत नाही.

की येतं? हा प्रश्न ज्यूल व्हर्नने १८६३ मध्येच हाताळला. 'फाइव्ह वीक्स इन अ बलून' ही त्याची गाजलेली पहिली कादंबरी. डॉक्टर फर्ग्युसन झांझिबारहून निघून फुग्यातून आफ्रिका ओलांडतो आणि सेनेगलपर्यंत जातो. त्याचा मुद्दा साधा आहे. फुग्याला सुकाणू लावायच्या भानगडीत पडू नये. वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या दिशांचे वारे असतात. फुगा फक्त वर-खाली करता आला पाहिजे, तोही वायू न दवडता आणि वाळू न टाकता. मग हवा तो वारा सापडेपर्यंत चढत-उतरत राहायचं. हे लिहिलं तेव्हा व्हर्न स्वतः फुग्यात कधी बसलेला नव्हता. तो पहिल्यांदा वर गेला तो १८७३ मध्ये, अमिआँ शहरात.

फर्ग्युसनचा हा विचार दीडशे वर्षांनी शब्दशः अमलात आला. गूगलच्या 'लून' या उपक्रमाचे फुगे २०१३ पासून १८ ते २५ किलोमीटर उंचीवरून दुर्गम भागांना इंटरनेट पुरवू लागले. त्यांना आडवं ढकलणारं इंजिन नव्हतं. हवा आत घ्यायची किंवा बाहेर सोडायची, त्याने फुगा जड किंवा हलका करायचा आणि उंची बदलायची, एवढंच. एका थरात वारा पूर्वेकडे नेतो, दुसऱ्यात पश्चिमेकडे. दोन्हींत आलटून-पालटून राहिलं की एका मुलखाच्या डोक्यावर घुटमळत राहता येतं. हे घुटमळणं शेवटी संगणकालाच शिकवलं गेलं आणि त्यावरचा शोधनिबंध २०२० साली 'नेचर'मध्ये आला. त्यांचा एक फुगा ३१२ दिवस वर राहिला. धंदा म्हणून उपक्रम टिकला नाही, जानेवारी २०२१ मध्ये तो गुंडाळला गेला. पण तरंगती वस्ती लिहू पाहणाऱ्यासाठी त्याने एक मोठी गोष्ट सिद्ध करून ठेवली. केवळ चढ-उताराच्या जोरावर एका जागी राहता येतं, अट एकच, डोक्यावर आणि पायाखाली उलट दिशांचे वारे असले पाहिजेत. असे वारे जिथे नाहीत, तिथे मुक्काम नाही.

माणसांना घेऊन हा खेळ सर्वांत मोठ्या पटावर खेळला गेला तो मार्च १९९९ मध्ये. बर्ट्रांड पिकार आणि ब्रायन जोन्स 'ब्राइटलिंग ऑर्बिटर ३' मधून स्वित्झर्लंडच्या शातो-दे या गावाहून निघाले. त्यांना जायचं होतं पूर्वेला, पण आधी ते नैर्ऋत्येला आफ्रिकेकडे गेले, कारण पूर्वेकडे नेणारा जेट प्रवाह तिकडे पकडायचा होता. जिनिव्हात बसलेले दोन हवामानतज्ज्ञ त्यांना कुठल्या वेळी किती उंचीवर जायचं ते सांगत होते. चीनने वाट दिली होती ती फक्त २६ अक्षांशाच्या दक्षिणेकडून. वाऱ्याचा थर हवा तसा निवडावा आणि तो माणसांनी आखलेल्या रेषेच्या खालूनच जावा, हे त्या दोन तज्ज्ञांनी भारत आणि ब्रह्मदेशावरून फुगा येत असताना साधलं. एकोणीस दिवसांहून थोड्या जास्त वेळात फुग्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली आणि तो इजिप्तच्या वाळवंटात उतरला.

ज्या जेट प्रवाहाने त्यांना नेलं, त्याचा शोध लागण्याची आणि तो वापरला जाण्याची कहाणी उदास करणारी आहे. जपानच्या तातेनो वेधशाळेत वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात लहान फुगे सोडून वरचे वारे मोजले आणि हिवाळ्यात तिथे अतिवेगवान पश्चिमी वारे असतात हे दाखवलं. जगाला कळावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला, आणि म्हणूनच तो फारसा कुणी वाचला नाही. जपानी लष्कराने मात्र त्या वाऱ्याचं ज्ञान वापरलं. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नऊ हजारांहून अधिक कागदी फुगे बाँब टांगून अमेरिकेकडे सोडण्यात आले. उंची घटली की आपोआप वाळूची पिशवी गळून पडावी, अशी त्यांची रचना होती. ५ मे १९४५ रोजी ऑरेगनमध्ये अशाच एका बाँबने सहा जणांचा जीव घेतला, त्यांत पाच मुलं होती. पॅसिफिक महासागर ही आपली तटबंदी आहे असं समजणाऱ्या देशाला वरून एक वाट होती हे तेव्हा कळलं.

पण वारा कायम एकाच दिशेने वाहतो असंही नाही. ऑगस्ट १८८३ मध्ये क्राकाटोआचा स्फोट झाला. त्याची धूळ विषुववृत्तावरून पश्चिमेकडे सरकत दोनेक आठवड्यांत पृथ्वीला वळसा घालून आली. त्यावरून शास्त्रज्ञांनी ठरवलं की तिथे वर पूर्वेकडून येणारे वारे आहेत. १९०८ मध्ये बेर्सन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेत फुगे सोडले, तर त्याला विषुववृत्तावरच वर पश्चिमेकडून येणारे वारे सापडले. पन्नास वर्षं दोन्ही वाऱ्यांना कुठे बसवायचं हे कुणालाच उमजेना. १९६० च्या सुमाराला अमेरिकेत रीड आणि ब्रिटनमध्ये एब्डन यांनी स्वतंत्रपणे उलगडा केला. विषुववृत्तावर स्थितांबरातला वारा साधारण अठ्ठावीस महिन्यांच्या चक्राने दिशाच बदलतो. नवी दिशा आधी वर उगवते आणि हळूहळू खाली उतरत येते. खालच्या गडगडाटी ढगांतून वर जाणाऱ्या लाटा हे घडवून आणतात. हे चक्र इतकं नेमाचं होतं की २०१६ मध्ये ते मधेच मोडलं तेव्हा १९५३ पासूनच्या नोंदींत तसं काही सापडेना.

त्या उंचीवर वसलेल्या गावाची कल्पना करून पाहा. तिथल्या मुलाला उगवतीच्या दिशेची गावं लहानपणी ओळखीची असतील आणि थोडं मोठं झाल्यावर मावळतीची. आजीने सांगितलेली वाट नातीच्या उपयोगाची असेल, पण मधल्या काही वर्षांपुरती ती उलटी धरावी लागेल. २०१६ सारखं वर्ष आलं तर त्या गावात पंचांग चुकलं म्हणून केवढा गोंधळ उडेल! मला अशी कथा अजून कुठे वाचायला मिळालेली नाही.

आपल्याकडे या उंचीवर फुगे पाठवण्याचं काम हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून अनेक दशकं चाललं आहे. होमी भाभांनी वैश्विक किरणांच्या अभ्यासासाठी फुगे सोडायला सुरुवात केली, त्याच परंपरेतलं हे केंद्र. २१ जानेवारी २००१ रोजी तिथून सुटलेल्या फुग्याने ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने आणले. त्या उंचीवर सूक्ष्मजीव आहेत का हे पाहायचं होतं, आणि प्रयोगामागे होते जयंत नारळीकर. एप्रिल २००५ च्या दुसऱ्या उड्डाणातल्या नमुन्यांतून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्याचं इस्रोने २००९ मध्ये जाहीर केलं. एकाला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं, एकाला इस्रोचं आणि एकाला आर्यभटाचं नाव दिलं. मराठीत विज्ञानकथा रुजवणारा माणूस प्रत्यक्षात आकाशातल्या रहिवाशांचा शोध घेत होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

कल्पित जगांकडे परत वळायचं तर वारा आणि भूगोल यांची गाठ सर्वांत घट्ट मारली ती लॅरी निव्हनने, १९८४ च्या 'द इंटिग्रल ट्रीज' या कादंबरीत. तिथे ग्रहच नाही. एका न्यूट्रॉन ताऱ्याभोवती श्वास घेता येईल अशा हवेचं कडं फिरतं आहे आणि त्या हवेत सगळं तरंगतं आहे. पाण्याचे गोळे, मासे, रानं, माणसं, आणि शंभर किलोमीटरपर्यंत लांब झाडं. झाड ताऱ्याच्या रोखाने उभं असतं. त्याचा मध्य भोवतालच्या हवेइतक्याच वेगाने फिरतो, म्हणून मध्यावर वारा नाही. ताऱ्याजवळचं टोक मात्र तिथल्या हवेपेक्षा हळू फिरतं, तेव्हा हवा त्याला मागून गाठते. दूरचं टोक तिथल्या हवेपेक्षा वेगाने जातं, तेव्हा वारा त्याला समोरून लागतो. दोन टोकांना दोन उलट दिशांचे न संपणारे वारे. त्यांनी दोन्हीकडचे शेंडे उलट्या बाजूंना वाकतात आणि झाडाला गणितातल्या संकलनाच्या चिन्हाचा आकार येतो.

माणसं राहतात ती त्या शेंड्यांत, कारण वाऱ्याबरोबर पाणी आणि खाणं तिथेच येऊन अडकतं आणि ओढही तिथेच जाणवते. दोन टोकांचं 'खाली' एकमेकांच्या विरुद्ध दिशेला. त्या हवेत प्रवास करण्याचे नियम लहान मुलं पाठ करतात. पूर्वेला जोर लावला की माणूस बाहेरच्या कक्षेत जातो आणि मागे पडतो, पश्चिमेला जोर लावला की आत सरकतो आणि पुढे निघतो. कक्षेच्या यांत्रिकीचे हे खरे नियम आहेत, निव्हनने ते रानातल्या पायवाटांसारखे लोकांच्या तोंडी दिले. या कादंबरीतली माणसं काही फारशी लक्षात राहत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. लक्षात राहतं ते झाड, आणि त्याच्या टोकाला अखंड घोंगावणारा वारा.

कार्ल श्रोडरच्या 'व्हर्गा' मालिकेत, जिचं पहिलं पुस्तक २००६ साली आलं, लहानशा ग्रहाएवढा हवेने भरलेला एक फुगा आहे. त्यात गुरुत्व नाही. गावं चाकासारखी फिरवून माणसं पायांखाली जमीन मिळवतात. देशांचे सूर्य माणसांनी पेटवलेले, आणि दोन देशांच्या मधे गार काळोख. एक देश सरकत्या खडकाशी जोडलेला, म्हणून तो हळूहळू शेजाऱ्यांच्या हद्दीत शिरत राहतो आणि एका शेजाऱ्याला जिंकून घेतो. युद्धाचं कारण म्हणून हे मला अतिशय पटलं. जमिनीवरच्या देशांत सीमेचा वाद असतो, इथे सीमाच चालत येते.

यांतली कुठलीही कल्पना प्रत्यक्षाच्या जवळ न्यायची तर पुन्हा शुक्राकडे जावं लागतं. शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस उष्णता आणि पृथ्वीच्या नव्वदपट दाब. पण पन्नास-पंचावन्न किलोमीटर उंचीवर दाब आपल्यासारखा आणि तापमान माणसाला सोसवेल असं. तिथली हवा म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, आणि तो आपल्या श्वासाच्या हवेपेक्षा जड. म्हणजे फुग्यात आपली साधी हवा भरली तरी तो तरंगतो, आणि माणसं त्या फुग्याच्या आतच राहू शकतात. नासातले शास्त्रज्ञ आणि विज्ञानकथाकार जेफ्री लँडिस यांनी २००३ मध्ये हा विचार शोधनिबंधात मांडला आणि २०१० मध्ये त्यावर एक लघुकादंबरी लिहिली. बाहेर गंधकाम्लाचे ढग आहेत, ते सोसणारं कापड लागेल. ती अडचण मोठी आहे, पण 'वेगा'चे फुगे अशाच कापडाचे होते.

शुक्र स्वतःभोवती २४३ दिवसांत एकदा फिरतो, पण त्याच्या ढगांचे माथे चारेक दिवसांत ग्रहाला फेरी घालतात. वरचा थर खालच्यापेक्षा वेगवान. आता तिथे दोन गावं वसली आहेत असं धरा, एक वरच्या थरात, दुसरं एक-दोन किलोमीटर खाली, आणि दोन्हींच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक. दिवसाला ८६४ किलोमीटरनी ती एकमेकांपासून दूर जातील. त्या उंचीवर ग्रहाचा परीघ सुमारे ३८,००० किलोमीटर. म्हणजे चव्वेचाळीस दिवसांनी वरचं गाव खालच्या गावाच्या डोक्यावर पुन्हा येईल. बाजार त्याच दिवशी, सोयरीक त्याच दिवशी, कज्जेखटलेही त्याच दिवशी. वैद्य वरच्या गावात असेल तर खालच्या रोग्याला तेवढे दिवस कळ काढावी लागेल.

त्रिपुराची गोष्ट मला इथे आठवते. तारकासुराच्या तीन मुलांसाठी मयासुराने तीन नगरं बांधली. सोन्याचं स्वर्गात, चांदीचं अंतरिक्षात, लोखंडाचं पृथ्वीवर. तिन्ही फिरती, आणि हजार वर्षांनी एकदाच एका रेषेत येणारी. त्याच क्षणी एका बाणात तिन्ही भेदली तरच ती नष्ट होणार, असा वर होता. शंकराने तो क्षण साधला, म्हणून दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी आपण देवळांतल्या दीपमाळा लावतो. ज्यांनी ही कथा रचली त्यांना वाऱ्याचे थर ठाऊक होते असा दावा मी करणार नाही, तो खोटा ठरेल. पण वेगवेगळ्या उंचीवर फिरणाऱ्या नगरांची ताकद त्यांच्या विखुरलेपणात असते आणि धोका एकत्र येण्याच्या क्षणात, हे त्या कथाकारांनी अचूक ओळखलं होतं. विषुववृत्तावरून पृथ्वी प्रदक्षिणा घालणाऱ्या दोन नगरांच्या चालीत दिवसाला फक्त एकशे दहा मीटरचा फरक असेल, तर त्यांची गाठ हजार वर्षांनी पडेल.

शुक्रावर वाहणाऱ्या गावाला खालची जमीन अगदीच विसरता येईल असंही नाही. 'वेगा-२'चा फुगा अॅफ्रोडाइटी नावाच्या उंच प्रदेशावर आला तेव्हा तो खालून वर येणाऱ्या लाटांत सापडला आणि दोन-तीन किलोमीटर खाली खेचला गेला. डोंगर पन्नास किलोमीटर खाली, आणि हादरा वर. डिसेंबर २०१५ मध्ये जपानच्या 'अकात्सुकी' यानाला त्याच प्रदेशावर ढगांच्या माथ्यावर दहा हजार किलोमीटर लांबीची धनुष्याकार लाट दिसली. भोवतालचे ढग धावत होते आणि लाट जागची हलत नव्हती. तिथल्या वस्त्यांना दर फेरीला हा एक अवघड टप्पा ओलांडावा लागेल. कुणी कथा लिहिली तर त्या टप्प्याला नाव असेल, तिथे नवस बोलले जातील.

आणि असा भूगोल शोधायला शुक्रावर जायची गरज आहेच असं नाही. जून ते सप्टेंबर आपल्या डोक्यावर तो असतो. दीडेक किलोमीटर उंचीवर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून कोकणात शिरणारा पश्चिमी झोत, ज्याचं सविस्तर वर्णन फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये केलं. कित्येकदा ताशी पन्नास-साठ किलोमीटरचा. वर चढत गेलं की तो मंदावतो, मग दिशाच पालटते, आणि चौदा-पंधरा किलोमीटरवर पूर्वेकडून येणारा, ताशी शंभर किलोमीटरांहून वेगाचा दुसरा झोत लागतो. पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये तो जगापुढे मांडला. म्हणजे पावसाळ्यात रत्नागिरीवरचं एखादं तरंगतं गाव खाली राहिलं तर सह्याद्री ओलांडून देशावर जाईल, आणि वर चढलं तर परत समुद्रावर येईल. वर उणे साठ अंशांखालची थंडी आणि विरळ हवा, खाली पाऊस आणि विजा. पिकाला पाणी हवं तेव्हा उतरायचं आणि परत फिरायचं असेल तेव्हा गोठत चढायचं. हिवाळ्यात हे सगळं बदलणार. लून ज्या दोन उलट वाऱ्यांच्या शोधात असायचा, ते पावसाळ्यात आपल्याकडे चार महिने हजर असतात.

मराठी विज्ञानकथेने हा प्रदेश अजून पुरता वापरलेला नाही असं माझं मत आहे. आपण कथा परग्रहावर नेतो, आणि तिथे गेल्यावर हवा विसरतो. साहित्य तर हाताशी आहे. हवामान खातं मुंबई, नागपूर, पणजी अशा ठिकाणांहून पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या वेधासाठी फुगे सोडतं आणि कुठल्या उंचीवर वारा कुठल्या दिशेचा, किती वेगाचा, याची नोंद घेतं. त्या नोंदी इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात. पुढच्या दिवाळी अंकासाठी कुणी तरंगत्या गावाची कथा लिहायला घेत असेल, तर त्याने आधी जुलैतल्या एका दिवसाची ती नोंद काढून समोर ठेवावी, आपलं गाव त्यातल्या कुठल्या थरात राहतं ते ठरवावं आणि मगच पहिलं वाक्य लिहावं, एवढी माझी विनंती आहे.